पावाची गाडी

पुरावेसाहेबांच्या वडिलांचा शर्ट एका सकाळी दाढी करता करता नाहीसा झाला. वडील जाऊन उभा जन्म लोटला होता, तेव्हा शर्टाने तरी किती टिकावं, असं कोणीही म्हणेल. पण हा शर्ट कपाटातला नव्हता, आठवणीतला होता, आणि कालपर्यंत तो पांढराशुभ्र होता. आज साहेबांनी गालांना साबण फासला, नेहमीच्या सवयीने डोळे मिटून आठवण काढून बघितली, तर शर्टावर निळ्या रेघा. दचकून पुन्हा बघितली, तर शर्टच नाही. नुसते दाट काळे केस, आणि केसांखाली काही नाही. साबण गालावर वाळून कडक झाला तरी साहेब आरशासमोर तसेच उभे होते.

'पुरावे' हे त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. कोणाचं दुकान जळे, कोणाची गाडी खांबावर आदळे, जो तो टेबलासमोर बसून डोळ्यांना रुमाल लावी. साहेब सगळं रडणं मान हलवत ऐकून घेत आणि शेवटी मऊ आवाजात विचारत, "पुरावा?" ही सवय त्यांनी घरीही आणली. दूध नासलं म्हटलं तरी पातेलं बघितल्याशिवाय ते मान्य करत नसत. इमारतीतल्या लोकांनी मग पाटीवरचं आडनाव आपल्यापुरतं बदलून टाकलं, आणि कालांतराने साहेबही त्या नावाला ओ देऊ लागले.

अशा या माणसाने जन्मभरात एकच गोष्ट पुराव्याशिवाय मानली होती. ती म्हणजे वडिलांची आठवण. वडील गेले तेव्हा साहेब जेमतेम अडीच वर्षांचे. वडील भावंडांत थोरले, म्हणून धाकटे भाऊ त्यांना दादा म्हणत, आणि त्यांचं ऐकून मुलंही दादाच म्हणू लागली. त्या दादांची, साहेबांच्या वाट्याला आलेली, सगळी मिळकत एवढीच: आपण कोणाच्या तरी खांद्यावर उंच बसलोय. मुठीत केस आहेत. समोर भिंत, भिंतीपलीकडे मागचं दार उघडं असलेली एक पांढरी गाडी. आपण हसतोय. आणि आईचा आवाज येतो, "दादा, सांभाळून हं!"

संपलं. ताईकडे, म्हणजे साहेबांच्या पाच वर्षांनी मोठ्या बहिणीकडे, दादांच्या आठवणी पोत्याने होत्या. दादांनी तिला तीनचाकी सायकल शिकवली होती, तिच्या बाहुलीला मिशा काढल्या होत्या, तापात रात्रभर उशाशी बसले होते. साहेबांकडे एवढा एक तुकडा, आणि तोही आता कडेने उसवायला लागला होता. आज शर्ट गेला, उद्या भिंत जाईल, आणि एक दिवस आईचा आवाजही जाईल. म्हणून त्यांनी ठरवलं, जे आहे ते आहे तोवर कोणाकडून तरी चित्रात काढून घ्यायचं आणि बैठकीच्या खोलीत लावायचं. एवढंसं काम. पण एवढीशी कामंच माणसाला मुळासकट उपटतात.

पहिली चूक म्हणजे ते जिन्यात बोलले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाले, "पुरावे, तीन वर्षांच्या आतलं माणसाला काही आठवत नाही. शास्त्र आहे. नंतर कोणी सांगितलेलं, फोटोत पाहिलेलं, ते आपण आपलं म्हणून चिकटवून घेतो."

"असं?" साहेबांचा चेहरा उतरला.

"अपवाद असतात. मला माझा जन्म आठवतो. दिवा डाव्या हाताला होता."

तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर मात्र व्यवहारी. त्याने आपल्या दवाखान्याची पाटी रंगवणाऱ्या पेंटरचं नाव सुचवलं. त्या पाटीवर एक भलामोठा दात होता आणि तो हसत होता. दाताला दात काढून हसताना बघून आजवर कितीतरी रोगी दारातूनच परतले होते, पण डॉक्टरांना ती कला वाटे. साहेबांना दुसरा चित्रकार माहीत नव्हता.

पेंटर आला. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि साहेबांवर तीच पाळी आणली, जी साहेबांनी आजवर दुनियेवर आणली होती.

"खांद्यावर तुम्ही. बरं. त्यांनी तुमचे पाय धरलेत का?"

"धरले असतील."

"असतील नको साहेब, हात काढायचेत मला. उजवा की दोन्ही?"

"दोन्ही. नाही... उजवा."

"चेहरा?"

खांद्यावर बसलेल्या पोराला खालच्या माणसाचा चेहरा कुठून दिसणार? केस दिसतात. पन्नास-पंचावन्न वर्षांत ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. दुसऱ्या कोणाच्या दाव्यात एवढं मोठं भोक असतं, तर त्यांनी तो चहा यायच्या आत फेटाळला असता. शेवटी दादांचा लग्नातला फोटो काढून दिला. त्यात दादा, त्या काळच्या सगळ्या नवरदेवांप्रमाणे, कोणीतरी पायावर पाय दिल्यासारखे उभे होते.

"आणि गाडी कसली? पांढरी म्हणजे दुधाची की पावाची?"

"पावाची," साहेब म्हणाले.

का म्हणाले, देव जाणे. दोनच पर्याय समोर आले आणि त्यांना दूध आवडत नव्हतं, एवढंच कारण असावं. पण शब्द तोंडातून निघाला मात्र, त्यांच्या नाकाला ताज्या पावाचा वास आला. संध्याकाळपर्यंत गाडीत फळ्या बसल्या, फळ्यांवर पाव लागले. रात्री जेवताना ते बायकोला सांगत होते की आपल्याला लहानपणापासून पावाच्या वासाने उगीचच भरून येतं, त्याचं मूळ हे. लग्नाला तीस वर्षं झालेली बायको म्हणाली, "तुम्ही तर भातवाले," आणि भात वाढला.

राहिला शर्ट. शर्टासाठी त्यांनी ताईला फोन केला.

"दादांचा शर्ट? कधीचा?" ताई म्हणाली.

"मला खांद्यावर घेतलं होतं तेव्हाचा."

"बाळ," ताई म्हणाली. साठीकडे झुकलेल्या साहेबांना बाळ म्हणणारी पृथ्वीवर ती एकटीच उरली होती. "तू झालास तेव्हाच दादा अंथरुणाला खिळलेले. पुढे तर स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला उचलवत नव्हता त्यांना. तुला कुठून खांद्यावर घेणार?"

"मला आठवतंय."

"खांद्यावर मला घ्यायचे. माझं ऐकून ऐकून तुला वाटत असेल."

"म्हणजे मी तुझी आठवण चोरली?"

"चोरली कुठे म्हणते? घेतली असशील. लहान होतास."

साहेबांनी फोन ठेवला. सगळं पोतं हिच्याकडे, आणि माझ्या मुठीतला एक दाणाही हिला बघवत नाही! त्यांना इतकं लागलं की पुढे बरेच दिवस त्यांनी ताईला फोन केला नाही, आणि तिचा आला तर बायकोला पुढे केलं. आता आठवण खरी ठरवणं ही इभ्रतीची बाब झाली. पुरावा हवा होता, आणि पुरावा म्हणजे भिंत.

दादा पाणीपुरवठा खात्यात होते आणि कुटुंब खात्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतं. क्वार्टर अजून उभी होती, रिकामी, कुलूपबंद. किल्ली खात्याच्या कचेरीत. कचेरीतल्या कारकुनाने साहेबांकडे नुसतं बघितलं, आणि साहेबांना एकदम आपल्या टेबलाची पलीकडची बाजू कशी दिसते ते कळलं.

"भिंत बघायचीय. कारण?"

"आठवण."

"आठवण असं कारण आमच्याकडे नाही. दुरुस्ती, पाडकाम, नाहीतर हरकत. काय लिहू?"

"मला फक्त पाच मिनिटं बघायचीय हो."

"बघणं हे कारण नाही, बघणं हे काम झालं. कारण सांगा."

दुरुस्ती करायची नव्हती आणि पाडकाम तर नकोच होतं. साहेब म्हणाले, "हरकत लिहा." कारकुनाने हरकत लिहिली, साहेबांची सही घेतली, आणि किल्ली दिली.

भिंत त्यांच्या छातीलाही येत नव्हती. बाहेरचा रस्ता वर्षानुवर्षं डांबर चढून वर आला होता, अंगणात माती साचली होती, आणि भिंत बिचारी मध्ये बुडत चालली होती. साहेबांनी हात टेकून पलीकडे पाहिलं. दोन स्कूटर आणि एक कुत्रं. त्यांनी डोळे मिटले, पावाचा वास येतो का बघितलं. आला. त्यांना अगदी हायसं वाटलं, आणि शर्ट पांढराच होता असं पेंटरला कळवून ते मोकळे झाले.

चित्र आलं ते पाठकोऱ्या कागदांत गुंडाळून. पेंटरने ते सोफ्यावर उभं केलं आणि स्वतः चार पावलं मागे सरला. आता खोटं कशाला बोला, पाव फार सुंदर होते. तपकिरी, फुगलेले, एकावर एक रचलेले, एखादा उचलून खावा असे. जीव त्याने पावांत ओतला होता. भिंत भिंतीसारखी होती. दादा लग्नातल्या चेहऱ्याने समोर बघत होते आणि त्यांच्या खांद्यावर बसलेलं बाळ दातांच्या दवाखान्याच्या पाटीवरून उतरून आल्यासारखं हसत होतं. आणि सगळ्याच्या खाली, कोणी न सांगता, पेंटरने आपली खरी विद्या दाखवली होती. लाल रंगात, पिवळी सावली देऊन, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'दादा, सांभाळून हं!'

"बोर्डावर अक्षरं नसली की बोर्ड मुका वाटतो," पेंटर म्हणाला.

बायको हात पुसत बाहेर आली. तिने पाव पाहिले, बाळ पाहिलं, मग खालची ओळ मोठ्याने वाचली. पुन्हा वाचली.

"हे कोण म्हणतंय?"

"आई. तुला शंभरदा सांगितलंय."

"सांगितलंय हो. पण कोणाला म्हणतायत?"

"दादांना. कोणाला म्हणजे काय?"

"अहो," बायको म्हणाली, "नवऱ्याला कोणी दादा म्हणतं का?"

पेंटरने ब्रश चाचपले.

"दीर म्हणत होते दादा, तुम्ही मुलं म्हणत होतात. सासूबाई कशा म्हणतील? मी तुम्हाला दादा म्हणेन का कधी?"

साहेब सोफ्याच्या हातावर बसले. आई दादांना काय म्हणायची? दादांच्या माघारीही ती त्यांच्याबद्दल बोलताना नाव घेत नसे. 'हे असते तर' म्हणायची. आणि समोर असते तर म्हणाली असती 'अहो'. 'अहो, सांभाळून हं.' हजार वेळा उगाळलेल्या त्या वाक्यात असं काही नव्हतं. आणि दादा म्हणून तर आई कोणालाही हाक मारायची. रद्दीवाल्याला, नळ दुरुस्त करणाऱ्याला, रस्ता विचारायचा असला तर रस्त्यावरच्या कोणालाही. मग आपण ज्याच्या खांद्यावर होतो तो कोण? रद्दीवाला?

पुढचे दिवस वाईट गेले. साहेब दाढी करताना डोळे उघडे ठेवू लागले. चित्र सोफ्यामागे भिंतीकडे तोंड करून उभं होतं. मास्तर मुद्दाम येऊन बघून गेले आणि म्हणाले, "मी म्हणालो होतो," आणि हे ते ज्या समाधानाने म्हणाले ते पाहून बायकोने त्यांना चहा विचारला नाही. त्यातच पाणीपुरवठा खात्याचं पत्र आलं. साहेबांच्या हरकतीची तातडीने दखल घेऊन सदर भिंत धोकादायक ठरवण्यात आली होती आणि जमीनदोस्त करण्यात आली होती. जागरूक नागरिक म्हणून खात्याने त्यांचे आभार मानले होते. खात्याने इतक्या वर्षांत वेळेवर केलेलं हे बहुधा एकमेव काम असावं. साहेबांनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि दुपारी न जेवता पडून राहिले. वडील नव्हते, शर्ट नव्हता, आता भिंतही नव्हती, आणि ती त्यांनीच सही करून पाडली होती.

बायकोने त्यांना न विचारता ताईला बोलावून घेतलं.

ताई आली, धापा टाकत जिना चढली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "दाखव बघू काय काढलंयस." बायकोने सोफा सरकवून चित्र फिरवलं. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. ताई काहीतरी लागट बोलेल म्हणून त्यांनी मान आखडून ठेवली होती. पण तिचा आवाज आला तो निराळाच होता.

"ही गाडी कुठून आणलीस?"

"पावाची आहे."

"आपल्याकडे पावाची गाडी कधी येत नव्हती, बाळ. पाव मी आणायचे कोपऱ्यावरून."

"मग दुधाची असेल! मला काय माहीत? मला कुठे काय आठवतं? सगळं तुलाच आठवतं ना!" साहेबांचा आवाज चिरकला.

ताईने चष्मा काढला. "पांढरी गाडी एकदाच आली होती. हॉस्पिटलची. दादांना न्यायला."

साहेब वळले.

"दोन माणसं आली होती. स्ट्रेचर दारातून निघेना, तिरपं करावं लागलं. तू मध्ये मध्ये, मागे धावायला लागलास. म्हणून शेजारच्या पंपवाल्या काकांनी तुला उचललं आणि खांद्यावर घेतलं, भिंतीपाशी. पायरी उतरताना त्या पुढच्या माणसाचा पाय घसरला, तेव्हा आई ओरडली."

"काय?"

ताईने चित्राखालच्या लाल अक्षरांकडे बोट केलं. तिला ते वाचवेना.

"तुला काय कळणार. तू वर बसून हसत होतास, टाळ्या पिटत होतास. मला तर तुला मारावंसं वाटलं होतं," ताई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "ते परत आले नाहीत रे."

साहेबांच्या तोंडात जे बसलं होतं तेच बाहेर पडलं. "तू स्वतः पाहिलंस?"

"मी दारात होते."

"ऊन होतं की पाऊस?"

"पाऊस होता. आईची वेणी भिजली होती."

साहेबांच्या आठवणीत लख्ख ऊन होतं. दुसरा एखादा दिवस असता तर एवढ्या तफावतीवर त्यांनी साक्ष बाद केली असती. सात-साडेसात वर्षांची साक्षीदार, पन्नास वर्षांपूर्वीची घटना, आणि हवामानाचाच घोळ. पण गाडीचं दार उघडं का होतं ते आता कळत होतं. आई कोणाला दादा म्हणाली ते कळत होतं. सगळ्या भोकांत सगळे खिळे बसत होते. साहेबांनी मान खाली घातली आणि दावा मंजूर केला. जन्मभर जपलेला आपला सगळ्यात आनंदाचा क्षण हा होता, याचं त्यांना अतिशय वाईट वाटलं. ते ताईशेजारी बसले आणि आपणही रडले, आणि बायकोने दोघांनाही रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी पेंटरला निरोप गेला. तो ब्रश घेऊनच आला. "चेहरा पुसू का?" त्याने विचारलं. त्याला अर्धीमुर्धी हकिकत डॉक्टरांकडून कळली होती, म्हणजे सगळ्या इमारतीला कळली होती.

"राहू द्या. ते पंपवाले काका आहेत, पण त्यांचा चेहरा मला ठाऊक नाही."

"मग अक्षरं?"

"अक्षरं अजिबात काढायची नाहीत. तेवढंच खरं आहे त्यात. पाव काढा."

पेंटरचा चेहरा पडला. "पाव? अहो साहेब, पाव काढले तर चित्रात राहतं काय?"

"आत एक माणूस आहे," साहेब म्हणाले. "दिसायला नको. पण पावांमुळे त्याची अडचण होते."

पेंटरने त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि निमूटपणे करड्या रंगाची बाटली उघडली. एक एक पाव जाताना त्याला यातना होत होत्या हे दिसत होतं. शेवटी गाडीच्या उघड्या दारात नुसता काळोख उरला. अशा रीतीने जन्मात एकदाही धड न दिसलेले दादा एकाच चित्रात दोनदा आले. एकदा चेहऱ्यापुरते, आणि एकदा चेहऱ्याशिवाय.

रंग वाळल्यावर चित्र लावायचं ठरलं. खिळा उंचावर हवा होता. साहेबांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, एक पाय आखूड असलेलं, आणि हातोडी घेऊन वर चढले. ताई चित्र धरून खाली उभी होती. स्टूल डगमगलं.

"अहो, सांभाळून हं!" बायको म्हणाली.

साहेबांची हातोडी भिंतीपाशी थांबली. त्यांनी खाली वळून पाहिलं नाही.

"काय म्हणालीस?"

"पडाल म्हटलं. उतरा, मी खालच्या डॉक्टरांना बोलावते."

"नको. तेच म्हण पुन्हा."

बायकोने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि पुन्हा म्हटलं.